बोट, तार, लेझर : बाबांच्या ऑपरेशनमागची सव्वाशे वर्षं

मागचा भाग ज्यांनी ऐकला त्यातल्या बऱ्याच जणांनी मेसेज केला की हे लिहून द्या, घरी बाबांना, काकांना वाचायला देता येईल. आवाजात ऐकवायला लाज वाटते म्हणे. म्हणून हे लिहून काढतोय. रेकॉर्डिंगमध्ये मी घाईघाईत दोन सनावळ्या उलटसुलट केल्या होत्या, त्या इथे सरळ केल्यात. बाकी बोलणं आहे तसंच ठेवलंय.

तर, आमच्या बाबांना नाटकाला कायम कोपऱ्यातली खुर्ची लागायची. ठाण्याचं गडकरी रंगायतन असो, नाहीतर डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले नाट्यगृह. रांगेच्या टोकाला, दाराच्या बाजूला. आम्हाला वाटायचं पाय मोकळे सोडायला. मग लक्षात आलं की डोंबिवलीहून व्हीटीला जायचं असेल तर ते सकाळपासून चहा टाळतात. मग ठाण्याला मध्येच उतरायला लागले. "पुढची गाडी रिकामी असते," म्हणायचे. सकाळी साडेनऊला डोंबिवलीकडून येणारी रिकामी गाडी! मी हसायचो. कोणीच विचारलं नाही की हा माणूस प्रत्येक वेळी ठाण्याला का उतरतो.

आपल्या लोकलमध्ये संडास नाही. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, पुढच्या वर्षी मे महिन्यात ती कल्याणपर्यंत पोचली, आणि तेव्हापासून ह्या पट्ट्यातला माणूस गाडीच्या वेळेवर जगतोय. तरुणपणी सव्वा तास काहीच वाटत नाही. साठीनंतर मात्र हा सव्वा तास म्हणजे परीक्षाच.

2024 च्या जानेवारीत, पहिल्याच आठवड्यात, ही परीक्षा संपली. बाबांना सर्दी झाली होती. त्यांनी मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून घेतली, दोन दिवस. तिसऱ्या रात्री एक वाजता आईने मला उठवलं. बाबा बाथरूमच्या दाराला टेकून उभे, घामाने डबडबलेले. लघवी तुंबली होती. नऊ तास थेंब नाही. पोट खालून फुगून दगडासारखं. रिक्षात प्रत्येक खड्ड्याला ते माझा हात असा आवळायचे की मला तो रस्ता खड्ड्यांसकट पाठ झालाय. इमर्जन्सीत नळी घातली आणि पिशवीत अकराशे मिली लघवी आली. बाबा डोळे मिटून म्हणाले, "देवा, सुटलो." नंतर कळलं की सर्दीच्या कित्येक गोळ्यांमधली औषधं मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतात, किंवा मूत्राशयाचा जोर कमी करतात. आधीच अरुंद झालेली वाट मग पूर्ण बंद होते. घरात कोणी पन्नाशीच्या पुढचं असेल, लघवीची धार बारीक झाली असेल, तर सर्दीची गोळी विचारल्याशिवाय देऊ नका. एवढं एक ह्या भागातून नेलंत तरी पुरे.

प्रोस्टेट म्हणजे काय, हे मला तिशीत त्या रात्री कळलं. मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीला वेढून बसलेली ग्रंथी. तरुणपणी अक्रोडाएवढी, वीसेक ग्रॅमची. वीर्यातला काही द्रव ती बनवते. वय वाढतं तशी ती आतल्या बाजूने वाढत जाते आणि मधून जाणारी नळी दाबते. हा कॅन्सर नव्हे. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांच्या ग्रंथीत ही वाढ सापडते, ऐंशीच्या पुढे बहुतेकांच्या. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही. बाबांची सोनोग्राफीत 92 ग्रॅम निघाली.

आता इतिहास. आणि इथे आमच्या घराचा इतिहास आधी सांगायला हवा, कारण खरी अडचण 92 ग्रॅमची नव्हती, 1974 ची होती.

1974 मध्ये आमच्या आजोबांचं हेच ऑपरेशन मुंबईच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात झालं. तेव्हा घर कल्याणला होतं. बाबा एकोणीस वर्षांचे. पोट उघडून केलेलं ऑपरेशन. बेंबीखाली टाके, पोटातून बाहेर आलेली एक जाड नळी, खालून दुसरी नळी, आणि खाटेखाली काचेची बाटली. त्या बाटलीतलं लाल पाणी बाबांनी चोवीस दिवस ओतलं. रात्री व्हरांड्यात वर्तमानपत्र टाकून झोपायचे. रक्त कमी पडलं तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या दोन मित्रांनी दिलं. आजोबा बरे झाले, पुढे अकरा वर्षं जगले. पण बाबांच्या डोक्यात "प्रोस्टेट" म्हटलं की ती बाटलीच उभी राहायची. सहा वर्षं त्यांनी कोणाला सांगितलं नाही ते ह्या बाटलीमुळे.

ते ऑपरेशन कुठून आलं ते शोधायला बसलो आणि थेट हिंदुस्थानातच पोचलो.

पीटर फ्रेयर नावाचा आयरिश डॉक्टर. जन्म 1851, गॉलवे भागातला. 1875 मध्ये तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आला आणि वीसेक वर्षं उत्तर हिंदुस्थानात नोकरी केली. उत्तरेत तेव्हा मूतखड्याचे रोगी अमाप. मूत्रमार्गातून हत्यार घालून खडा आतल्या आत फोडायचा आणि चुरा धुऊन काढायचा, ह्यात फ्रेयरचा हात बसला. रामपूरच्या नवाबाचा खडा त्याने काढला तेव्हा नवाबाने त्याला एक लाख रुपये दिले. एकोणिसाव्या शतकातले एक लाख! सरकारी नोकराने एवढं बक्षीस घ्यावं का, ह्यावरून सरकारदरबारी कुरबुरही झाली. मग तो निवृत्त होऊन लंडनला गेला, तिथल्या सेंट पीटर्स हॉस्पिटलमध्ये लागला, आणि 1 डिसेंबर 1900 ला त्याने एका 69 वर्षांच्या माणसाचं ऑपरेशन केलं.

काय केलं त्याने? ओटीपोटावर छेद घेऊन मूत्राशय उघडलं. एका हाताचं बोट मूत्राशयात घातलं. दुसऱ्या हाताचं बोट गुदद्वारातून घालून ग्रंथी खालून वर ढकलली. आणि आतल्या बोटाच्या नखाने वाढलेला भाग सोलून काढला. बस. डोळ्यांना काही दिसत नाही, सगळा खेळ स्पर्शाचा. संत्रं डोळ्यांसमोर आणा. ग्रंथी वाढते तेव्हा आतला भाग फुगतो आणि मूळची ग्रंथी दबून बाहेर सालीसारखी पातळ होते. ह्या साल आणि फोडींच्या मध्ये एक फट असते. बोट त्या फटीत बरोबर शिरलं तर सगळ्या फोडी एकत्र सुटून येतात, साल जागेवर राहते. 1901 मध्ये त्याने हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं आणि आपणच पहिले म्हणून जाहीर केलं. मग भांडण. न्यूयॉर्कच्या युजीन फुलरने असंच ऑपरेशन 1894 मध्ये केलेलं होतं, आणि तो गप्प बसणारा नव्हता. मला विचाराल तर पहिला फुलरच, पण ऑपरेशन जगभर नेलं ते फ्रेयरने. त्याने स्वतः हजाराहून जास्त केली. अँटिबायोटिक नाही, रक्तपेढी नाही, अशा काळात. 1917 मध्ये त्याला सर किताब मिळाला.

त्याच्या आधी काय होतं? बहुतेक वेळा नळी. नळी घालायची, लघवी काढायची, दिवसातून चार वेळा, मरेपर्यंत. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितलेत. त्यातला वाताष्ठीला म्हणजे गुद आणि मूत्राशय ह्यांच्यामध्ये दगडासारखी टणक गाठ, जिने मल, मूत्र, वारा सगळं अडतं. आजचे वैद्य ही प्रोस्टेटची वाढ म्हणतात. मला ते पटतं, जागा तरी तीच आहे. पण सुश्रुताने ती कापायला सांगितली असं कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलं तर पुढे ढकलू नका. शस्त्र त्याने मूतखड्यासाठी सांगितलंय, आणि ते वर्णन मात्र खरोखर थक्क करणारं आहे. रबराची नळी एकोणिसाव्या शतकातली. तोंडाशी फुगा असलेली, म्हणजे आत गेल्यावर फुगवली की निसटत नाही अशी, अमेरिकेच्या फ्रेडरिक फोली ह्यांची, 1930 च्या दशकातली. बाबांना जी लावली होती ती हीच. नर्स म्हणाल्या, "फोली घालते." मला वाटलं कुठल्या गोळीचं नाव आहे.

1890 च्या दशकात तर अमेरिकेत काही डॉक्टरांनी ह्या त्रासावर वृषण काढून टाकायचा उपाय सुरू केला होता. तर्क अगदीच चुकीचा नव्हता, ग्रंथी पुरुषी हार्मोनवरच वाढते. पण जरा विचार करा. ह्याच धाग्यावर शंभर वर्षांनी, 1992 मध्ये, अमेरिकेत फिनास्टेराइडच्या गोळीला परवानगी मिळाली. ती ते हार्मोन ग्रंथीपुरतं आवरते आणि ग्रंथी हळूहळू लहान करते. दुसरी गोळी टॅमसुलोसिन, ती तोंडाशी आवळलेले स्नायू सैल करते. बाबांना दोन्ही दिल्या. चार दिवसांनी नळी काढून पाहिली. सहा तासांत परत तुंबली. आठवड्याने पुन्हा काढली, पुन्हा तेच. म्हणजे गोळ्यांचा रस्ता बंद. सहा वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं, हे डॉक्टर बोलले नाहीत, पण सगळ्यांना कळलं. आई तेवढ्यापुरती बाहेर जाऊन उभी राहिली.

आता निर्णय. डोंबिवलीतल्या एका सर्जननी सांगितलं, दुर्बिणीतून करू, करंटच्या तारेने खरवडून. ठाण्याच्या एका युरोलॉजिस्टनी सांगितलं, लेझरने करू. खर्च जवळजवळ दुप्पट. मेडिक्लेम अर्धाच भागवणार. काकांचा फोन आला, "अरे, ठाण्याचे लोक लेझर म्हणतात आणि बिल वाढवतात." बाबा म्हणाले, "मला काहीच करायचं नाही. पिशवी राहू दे." आणि ते खरंच तसे राहिले, नऊ दिवस. लुंगी नेसून, पिशवी खुर्चीच्या पायाला टांगून, टीव्हीसमोर. फडके रोडवर रोज संध्याकाळी चक्कर मारणारा माणूस गॅलरीतही येईना.

म्हणून मी तारेचाही इतिहास वाचला. कोणाचं ऐकायचं ते तरी कळेल म्हणून.

शरीराच्या आत बघायचं म्हणजे उजेड न्यायला हवा. 1877 मध्ये जर्मनीच्या मॅक्स नित्झेने मूत्राशयात पाहायची दुर्बीण केली. टोकाला तापून लाल झालेली प्लॅटिनमची तार, आणि ती भाजू नये म्हणून भोवती खेळतं पाणी. (हे कोणी आपल्यावर करून घेतलं असेल त्याला माझा नमस्कार.) मग विजेचा छोटा दिवा आला. 1926 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅक्सिमिलियन स्टर्नने विजेच्या तारेचा फास करून, लघवीच्या मार्गातूनच प्रोस्टेट कापायचं यंत्र केलं. पाच-सहा वर्षांत जोसेफ मॅकार्थीने ते सुधारलं. पोट फाडायची गरज संपली. फोडी काढायच्या नाहीत, चमच्याने आतून खरवडायच्या. मग उजेड. मोग्याचा नरिंदरसिंग कपानी आणि त्याचे लंडनमधले प्रोफेसर हॅरॉल्ड हॉपकिन्स ह्यांनी 1954 मध्ये काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. आज तुमच्या घरात जो फायबर येतो, त्या कुळातलंच हे काम. हॉपकिन्सने पुढे काचेच्या कांड्यांची दुर्बीण केली आणि जर्मनीच्या कार्ल श्टोर्झने ती बाजारात आणली. दिवा बाहेर, उजेड आत. त्यानंतर तारेचं ऑपरेशन जगभर ह्या आजाराचं मुख्य ऑपरेशन झालं आणि अजूनही लहान-मध्यम ग्रंथीला उत्तम आहे. डोंबिवलीचे सर्जन जुनाट काही सांगत नव्हते.

मग प्रश्न असा की आजोबांचं 1974 मध्ये पोट का उघडलं? ह्याचं उत्तर ठाण्याच्या डॉक्टरांनी दिलं. ग्रंथी फार मोठी असेल तर खरवडायला वेळ लागतो. जितका वेळ जास्त तितकं रक्त जास्त, आणि आत खेळवलेलं पाणी कापलेल्या शिरांतून रक्तात शिरतं. जुन्या तारेच्या ऑपरेशनला मिठाचं पाणी चालत नाही, कारण त्यातून करंट पसरतो. बिनमिठाचं द्रावण रक्तात गेलं की रक्तातलं सोडियम घसरतं, माणूस भ्रमिष्ट होतो, क्वचित जीवावर बेततं. म्हणून मोठ्या ग्रंथीला पोट उघडणंच बरं, असं तेव्हाचं गणित. आता मिठाच्या पाण्यात चालणारी नवी करंटची यंत्रंही आलीत. तरी साधारण ऐंशी ग्रॅमच्या पुढे डॉक्टर वेगळा विचार करतात. बाबा 92 ग्रॅम, त्यात हृदयाला स्टेंट आणि रोजची रक्त पातळ करणारी गोळी.

लेझरचा इतिहास सांगताना मला थोडी छाती पुढे काढू द्या. 16 मे 1960 ला अमेरिकेत थिओडोर मेमनने माणकाचा पहिला लेझर पेटवला. आणि 1964 मध्ये बेल लॅब्जमध्ये कार्बन डायऑक्साइडचा लेझर केला तो कुमार पटेल ह्यांनी. पूर्ण नाव चंद्रकुमार नारणभाई पटेल, जन्म 1938, गाव बारामती! इंजिनिअरिंग पुण्याच्या सरकारी कॉलेजातून, म्हणजे आपल्या सीओईपीतून, 1958. हा लेझर कान-नाक-घसा, त्वचा, स्त्रीरोग अशा कितीतरी ऑपरेशनांत वापरला गेला, कारण पेशींतलं पाणी त्याला क्षणात शोषतं आणि पेशी वाफ होऊन जाते.

पण प्रोस्टेटला तो उपयोगी नाही. बाबांनी हे ऐकून पहिल्यांदा नीट प्रश्न विचारला, "का बरं?" त्यांनी चाळीस वर्षं एका कारखान्यात मेंटेनन्स बघितलाय, त्यांना यंत्र कळतं. कारण ही किरणं साध्या काचतंतूतून जात नाहीत, काचच ती पिऊन टाकते. आणि ऑपरेशन पाण्यात चालतं. तेव्हा शोध सुरू झाला अशा लेझरचा जो केसाहून थोड्या जाड काचतंतूतून आत जाईल. 1990 च्या सुमाराला निओडिमियमचा वापरून पाहिला. तो खूप खोल जातो, पेशी शिजवतो, आणि मग ती शिजलेली पेशी आठवडे-आठवडे गळत राहते. नळी काही सुटत नाही, आग वेगळीच. लेझरचं नाव तिथे बरंच बद्दू झालं. काकांच्या मनातली शंका काही हवेतून आलेली नव्हती.

मग होल्मियम. त्याची किरणं काचतंतूतून सहज जातात, पाण्यात शोषली जातात, आणि पेशीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी शिरतात. कापतात आणि लहान रक्तवाहिन्या जागीच बंद करतात. वर मिठाचं पाणी चालतं. न्यूझीलंडच्या टौरंगा गावातल्या पीटर गिलिंग आणि मार्क फ्रॉन्डॉर्फर ह्या डॉक्टरांनी 1990 च्या दशकात होल्मियमने आधी तुकडे कापून पाहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की कापायचं कशाला? साल आणि फोडी ह्यांच्यामधली फट आहे ना! दुर्बीण आतून त्या फटीत घालायची, लेझरने वाट मोकळी करत अख्ख्या फोडी सोलायच्या, मूत्राशयात ढकलायच्या, आणि तिथे मिक्सरसारख्या यंत्राने बारीक करून ओढून घ्यायच्या. हे 1998 पर्यंत जमलं. त्याला होलेप म्हणतात.

हे ऐकून मी डॉक्टरांना म्हटलं, "म्हणजे फ्रेयरचं बोटच झालं की." ते हसले. म्हणाले, "अगदी तेच. फक्त पोटाऐवजी आधीच असलेल्या वाटेने, आणि बघत बघत." मंडळी, मला ह्या सगळ्या प्रकरणातलं आवडलेलं वाक्य हे. सत्तर वर्षं जग फोडी खरवडत राहिलं, आणि मग पुन्हा आंधळ्या बोटाला सापडलेल्या फटीकडे आलं. आजोबांचं आणि बाबांचं ऑपरेशन एकच होतं. पन्नास वर्षांत बदलली ती वाट.

बाबांना मात्र ह्यातलं काहीच पुरलं नाही. त्यांना पटवलं ते इंग्लंडच्या राजाने. 17 जानेवारीला बातमी आली की राजे चार्ल्स ह्यांना प्रोस्टेटच्या वाढीवर उपचारासाठी हॉस्पिटलात जायचंय, आणि आजाराचं नाव राजवाड्यानेच जाहीर केलंय. बाबा पिशवीसकट टीव्हीच्या जवळ सरकले. "ह्यानं सांगितलं?" मग मी त्यांना सांगितलं की 1963 मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान मॅकमिलनना हाच त्रास एकाएकी झाला आणि त्यांनी राजीनामा दिला. ग्रंथी साधी निघाली, ते पुढे 1986 पर्यंत जगले. आणि फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल 1964 मध्ये ऑपरेशन करून परत कामाला लागले. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "डॉक्टरांना विचार, त्यांनी आत्तापर्यंत किती केलीत."

हा प्रश्न फार महत्त्वाचा. होलेप शिकायला कठीण आहे, हात बसायला डॉक्टरला बरीच ऑपरेशनं लागतात. यंत्र चांगलं असून भागत नाही. आम्ही विचारलं, डॉक्टर अजिबात रागावले नाहीत, आकडा सांगितला. त्यांनी न विचारता आणखी एक सांगितलं, आई समोर असताना. ऑपरेशननंतर संबंधांच्या वेळी वीर्य बाहेर न येता उलटं मूत्राशयात जातं, बहुतेकांना असं होतं, कायमचं. इजा नाही, पण आधी माहीत हवं. खोलीत शांतता. मी पंख्याकडे बघत होतो. आई म्हणाली, "डॉक्टर, ह्यांना रात्री झोप लागेल ना सलग? तेवढं सांगा."

आनंदीबाई जोशी कल्याणच्या. 1883 मध्ये अमेरिकेला निघताना सेरामपूरला त्यांनी भाषण केलं, त्यात एक मुद्दा असा होता की आमच्या बायका पुरुष डॉक्टरांना आपले आजार सांगत नाहीत, म्हणून बाई डॉक्टर हवी. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. मी हे मुद्दाम आठवतोय, कारण त्याच कल्याणचा एक पुरुष, सोनोग्राफी सेंटर दर चौकात असलेल्या काळात, पुरुष डॉक्टरला सहा वर्षं सांगू शकला नाही.

जानेवारीच्या शेवटी ऑपरेशन झालं, ठाण्यात. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं काय करायचं ते हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवलं, आम्ही नाही. कमरेत इंजेक्शन देऊन भूल. पावणेदोन तास. बाबा जागे होते आणि स्क्रीन बघत होते. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य, "वेल्डिंगसारखं दिसतं रे, पाण्यातलं." नळी होती, धुवायला वरून सलाइन चालू, पिशवीत गुलाबी पाणी. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि ते पिशवीकडे. संध्याकाळी पाणी फिकट झालं. दुसऱ्या दिवशी जवळपास पांढरं. तिसऱ्या सकाळी नळी काढली. बाथरूममधून दोन मिनिटांनी धारेचा आवाज आला आणि मागोमाग बाबांची शिवी, कारण आग भयंकर होती. आईने बाहेरून हात जोडले.

इथे सगळं संपत नाही, आणि हे कोणी नीट सांगत नाही. घरी आल्यावर लघवी गळायची. खोकला, शिंक, खुर्चीतून उठणं, की थेंब. इतकी वर्षं वाट अडलेली असल्याने आवळून धरणारा स्नायू आळसावलेला असतो. डॉक्टरांनी व्यायाम दिला होता, लघवी मध्येच रोखताना जो स्नायू आवळतो तोच आवळायचा आणि सोडायचा, दिवसातून कितीतरी वेळा. अर्नॉल्ड केगेल ह्या अमेरिकन डॉक्टरने 1948 मध्ये तो बायकांसाठी सांगितला होता, बाळंतपणानंतरचा. बाबा तो पोथी वाचल्यासारखा नेमाने करायचे. मोठ्यांचे डायपर आणायला मात्र ते जाईनात. मी गेलो. मेडिकलवाल्याने काळ्या पिशवीत घालून दिले, मी मागितली नसताना. पाच आठवड्यांनी त्यांची गरज संपली.

बाराव्या दिवशी घोटाळा. वजन उचलायचं नाही, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, स्कूटर नाही, हे कागदावर होतं. पाणी गेलं आणि बाबांनी दोन भरलेल्या बादल्या उचलल्या. रात्री लघवी पुन्हा लाल, गुठळ्यांसह. आई रडायला लागली, बाबांचा चेहरा 1974 चा. फोनवर डॉक्टर म्हणाले, आतल्या खपल्या ह्याच सुमाराला निघतात, भरपूर पाणी प्यायला द्या, आडवे करा, तुंबली तर लगेच आणा. तुंबली नाही. दीड दिवसात साफ झाली. पण ती रात्र मी त्यांच्या खाटेशेजारी जमिनीवर काढली. झोप लागत नव्हती तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा त्या व्हरांड्याबद्दल सांगितलं. ते वर सांगितलेलं सगळं त्या रात्रीचं आहे.

काढलेल्या तुकड्यांची तपासणी झाली, कॅन्सर नाही. पण साल आतच आहे आणि कॅन्सर बहुधा त्या बाहेरच्या भागातच होतो, म्हणून पीएसएची रक्ततपासणी दरवर्षी करायचीच. बाबांच्या कॅलेंडरवर ती गॅसच्या नंबराखाली लिहिलेली आहे.

एप्रिलमध्ये आम्ही डोंबिवलीहून व्हीटीला गेलो. निघताना बाबांनी चहा घेतला, मुद्दाम मला दाखवून. ठाणं आलं. ते उठले नाहीत. खिडकीतून फलाटाकडे बघत बसले, कळव्याकडची गर्दी आत शिरली, गाडी सुटली. मुलुंड गेल्यावर मला म्हणाले, "तो फलाटावरचा पे अँड यूजवाला, त्याला वाटत असेल हा म्हातारा गेला."

हा भाग रेकॉर्ड करण्याआधी मी त्यांना सगळं वाचून दाखवलं. त्यांच्या दोन अटी होत्या. नाव घ्यायचं नाही आणि हॉस्पिटलचं नाव घ्यायचं नाही. ऐकून झाल्यावर चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "त्या नवाबानं खरंच लाख रुपये दिले?"

"दिले."

"एका खड्याचे?"

"हो."

"मग काकाला सांग," बाबा म्हणाले, "आपलं स्वस्तात झालं."